वेल्समधल्या खेड्यातील मध्ययुगीन चर्च : पडदा, सांगाडा आणि भिंतीवरच्या पाट्या

परळच्या बाई

सर्वांना नमस्कार. परळच्या एका मराठी शाळेत मी बत्तीस वर्षे इतिहास शिकवला आणि आता निवृत्त आहे. माझी मुलगी कार्डिफला असते. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा एका रविवारी तिने मला ॲबरगेव्हनीच्या उत्तरेला, ब्लॅक माउंटन्सच्या डोंगरांत असलेल्या पॅट्रिशो या ठिकाणी नेले. वाट इतकी अरुंद होती की समोरून एक गाडी आली तेव्हा जावयाला पाऊण फर्लांग मागे यावे लागले. चढावाच्या वळणावर एक झरा आहे. त्याच्या काठी कोणीतरी काटक्यांचे दोन क्रूस बांधून ठेवले होते. तो झरा पाहून मला आमच्या गावच्या टाक्याची आठवण झाली, कारण तिथेही असेच फुलपत्री ठेवलेले दिसे.

वर गेल्यावर संत इस्सुई यांच्या नावाचे चर्च लागले. आकाराने ते आपल्याकडच्या गावदेवीच्या देवळापेक्षा फारसे मोठे नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला विशेष काही असेल असे वाटत नाही. आत शिरल्यावर मात्र माझे पाय जागीच थांबले. समोर पूर्ण रुंदीभर न रंगवलेल्या लाकडाचा कोरीव पडदा होता, त्याच्यावर सज्जा होता, आणि पडद्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन दगडी ओटे होते. मागे वळले तर पश्चिमेच्या भिंतीवर तांबूस रंगात काढलेला माणसाएवढा सांगाडा दिसला. त्याच्या हातात विळ्यासारखे लांब हत्यार, वाळूचे घड्याळ आणि फावडे अशा वस्तू होत्या. बाजूच्या भिंतींवर मृतांच्या स्मरणार्थ बसवलेल्या पाट्या होत्या, त्यांवर देवदूत आणि फुले कोरून रंगवली होती. माहिती देणारे तिथे कोणी नव्हते. तासाभरात पाऊस आला आणि आम्ही परत निघालो.

तेव्हापासून मनात काही प्रश्न घोळत आहेत. हा पडदा कशासाठी होता? एका चर्चला एक वेदी पुरत असताना ते दोन ओटे कशाचे? तो सांगाडा तिथे कोणी आणि का काढला? आणि त्या पाट्या बसवणारी माणसे कोण होती? ऑक्टोबरात मी पुन्हा जाणार आहे. अशी आणखी एखाद-दोन चर्चे सुचवलीत तर या वेळी काही समजून घेऊन पाहता येईल.

पापडीकर

बाई, नमस्कार. मी वसईचा कॅथलिक. माझ्या आजीच्या तोंडी क्रूसाला 'कुरूस' हाच शब्द होता आणि आमच्या वाडीच्या तिठ्यावरचा कुरूस हेच आमचे पहिले चर्च होते. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी घरचा वाटला. वेल्समध्ये मी दोन वर्षे नोकरीनिमित्त होतो आणि पॅट्रिशोला तीन वेळा गेलो आहे.

आधी पडदा. मध्ययुगात चर्चचे दोन भाग मानले जात. लोकांनी उभे राहायचे तो मंडप एक, आणि वेदी असलेला, धर्मगुरूंचा भाग दुसरा. दोहोंच्या मध्ये हा लाकडी पडदा असे. त्याच्या वर, छताच्या जवळ, मोठा क्रूस उभा केलेला असे आणि त्याच्या एका बाजूला मरिया, तर दुसऱ्या बाजूला योहान यांच्या मूर्ती असत. सज्जाचा उपयोग त्या मूर्तींपुढे मेणबत्त्या लावण्यासाठी आणि काही ठिकाणी गाणाऱ्यांना उभे राहण्यासाठी होत असे. देवळातल्या गाभाऱ्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अर्धीच खरी आहे, कारण हा पडदा जाळीदार होता आणि पलीकडचा विधी लोकांना दिसावा अशीच त्याची रचना होती.

पॅट्रिशोचा पडदा साधारण इ. स. १५०० चा आहे. पुढच्या वेळी आडव्या तुळईच्या टोकांकडे अवश्य पाहा. तिथे एक ड्रॅगन आहे आणि त्याच्या जबड्यातून द्राक्षवेल निघून तुळईभर पसरत गेली आहे. वेल म्हणजे ख्रिस्त आणि तिचा चावा घेणारा तो सैतान, असा त्याचा अर्थ लावतात. मला मात्र पहिल्या भेटीत त्या सुताराचे कौतुक वाटले ते वेगळ्याच कारणासाठी. एवढ्या लांबीवर वेलीचा एकही वळसा दुसऱ्याची नक्कल वाटत नाही.

तो पडदा तयार झाल्यावर पन्नास वर्षांच्या आत सगळे पालटले. इंग्लंडचा प्रॉटेस्टंट राजा सहावा एडवर्ड याच्या कारकिर्दीत, १५४७ पासून, मूर्ती आणि चित्रे काढून टाकण्याचे हुकूम निघाले. १५५० मध्ये दगडी वेद्या पाडून त्यांच्या जागी लाकडी मेज ठेवण्याचा आदेश आला. पुढे पहिल्या एलिझाबेथच्या काळात, १५६१ मध्ये, सज्जे उतरवावेत, खालचा पडदा राहू द्यावा, असे ठरले. म्हणजे बाई, तुम्ही पाहिलेले ते दोन ओटे या वेद्याच आहेत आणि १५५० च्या हुकमाप्रमाणे त्या असायला नको होत्या. सज्जाही १५६१ च्या हुकमाप्रमाणे असायला नको होता. मुख्य वेदीशिवाय पडद्यापुढे बाजूच्या वेद्या असणे त्या काळी नित्याचे होते, कारण वेगवेगळ्या संतांच्या नावाने तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, होत असे. नवल आहे ते त्या अजून तिथे असण्याचे.

याचे कारण म्हणून सगळेजण 'गाव आडबाजूला होते' असे सांगतात. मला ते पुरेसे वाटत नाही. वेल्समध्ये तितकीच आडबाजूची शेकडो चर्चे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे सज्जे गेले. माझा तर्क असा की हुकूम वाचून 'बघू, पावसाळा संपल्यावर' असे म्हणणारा कोणी वडीलधारा तिथे होता. याला पुरावा नाही, पण सरकारी कागद खेड्यात कसा वाचला जातो हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सज्जावरून काढलेला मोठा क्रूस मात्र परत आलेला नाही. सज्जा आहे, ज्याच्यासाठी तो बांधला ते नाही.

सांगाड्याला इंग्रजीत कोणी 'मृत्यू' म्हणतात, तर कोणी 'वेळ'. विळा कापणीचा, वाळूचे घड्याळ सरत्या आयुष्याचे आणि फावडे थडगे खणण्याचे. यावर तिकडच्या पुस्तकांत बराच ऊहापोह असतो. मराठी माणसाला हा वाद पडूच नये, कारण आपण दोन्हींना 'काळ' म्हणतो. कितीही वेळा चुना मारला तरी तो सांगाडा पुन्हा वर येतो, अशी तिथल्या लोकांत समजूत आहे. गेरूसारख्या रंगावर पातळ चुना दिला की काही वर्षांत डाग उमटतो, हे ज्याने चाळीच्या भिंतीला स्वतः हात दिला आहे त्याला ठाऊक असते. तरीही मी तिथे एकटाच उभा होतो तेव्हा ती समजूत मला हसण्यासारखी वाटली नाही.

गधेगळ

पापडीकरांनी एक गोष्ट सांगायची ठेवली. आत बाप्तिस्म्याचे दगडी कुंड आहे, ते पाहिलेत का? त्याच्या काठावर लॅटिनमध्ये कोरले आहे : 'गेनिलिनच्या काळात मेनहिरने मला घडवले.' हा गेनिलिन अकराव्या शतकाच्या मध्यावर त्या भागाचा अधिपती होता. म्हणजे पडद्याहून कुंड साडेचारशे वर्षांनी जुने. शिवाय दगड स्वतः बोलतो आहे आणि त्यात कारागिराचे नाव राजाच्या आधी येते. आपल्याकडच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत कोरणाऱ्याचे नाव आलेच तर शेवटी, राजाची सगळी बिरुदे संपल्यावर येते.

पुढच्या प्रवासासाठी माझी पहिली सूचना नेव्हर्नची. पेंब्रोकशायरमधल्या या गावात संत ब्रायनाख यांचे चर्च आहे. आवारात यू या सदाहरित वृक्षाची जुनी झाडे आहेत, त्यांतल्या एकाच्या खोडातून लाल रस गळतो आणि पर्यटकांची सगळी गर्दी त्याच्याभोवतीच असते. तुम्ही सरळ आत जा आणि दक्षिणेकडच्या दालनातल्या खिडकीच्या खालच्या उंबऱ्याकडे पाहा. तो उंबरा म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकातली स्मारकशिला आहे. तिच्यावर लॅटिन अक्षरांत 'क्लुतोरीचा मुलगा माग्लोकुनस याची' असे लिहिले आहे आणि तेच दुसऱ्यांदा दगडाच्या कडेवर ओघम लिपीत, म्हणजे निव्वळ आडव्या-तिरप्या रेघांच्या खाचांत कोरले आहे. ओघम मूळची आयर्लंडची. त्या काळी आयर्लंडहून येऊन नैर्ऋत्य वेल्समध्ये वसलेली कुटुंबे होती, म्हणून एका माणसाची आठवण दोन भाषांत ठेवावी लागली. बाहेर आवारात सुमारे चार मीटर उंचीचा, गाठीगाठींच्या नक्षीने भरलेला दगडी क्रूस उभा आहे, तो याच्यानंतर चार-पाचशे वर्षांनी आला.

असे दुभाषी दगड तिकडे बरेच आहेत. नेव्हर्नपासून फार दूर नसलेल्या सेंट डॉगमेल्स गावच्या चर्चमध्ये साग्रानस नावाच्या माणसाची शिला ठेवली आहे. १८४८ मध्ये तिच्यावरचा लॅटिन मजकूर आणि ओघमच्या खाचा शेजारीशेजारी ठेवून ती लिपी वाचण्याला मोठा आधार मिळाला. त्याआधी ती शिला एका ओढ्यावर पूल म्हणून आडवी पडली होती. ज्यांनी अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उभा असलेला पाहिला आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. शके ९३४ चा मानला जाणारा, मराठीच्या आरंभकाळातला तो लेख, आणि त्याच्यासमोरून वर्षानुवर्षे नागावला जाणाऱ्या रिक्षा धावत होत्या.

उत्तरेला अँगलसी बेटावर जाणे झाले तर लानगॅडवॅलॅडरच्या चर्चच्या भिंतीत बसवलेला, ग्विनेडचा राजा काडवान याचा दगड चुकवू नका. राजा इ. स. ६२५ च्या सुमारास वारला. लेखात त्याला 'सर्व राजांत सर्वांत शहाणा आणि सर्वांत कीर्तिमान' म्हटले आहे. चर्चची भिंत त्याच्यापेक्षा पुष्कळ नंतरची. दुसरी वास्तू बांधताना कोणीतरी जुना दगड उचलला, अक्षरे दर्शनी बाजूला ठेवून बसवला, आणि तेवढ्यामुळे तो आज आपल्याला वाचता येतो.

माझ्या मते हे सगळे दगड आणि बोरिवलीच्या एकसर गावातले वीरगळ एकाच जातीचे आहेत. एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजे आणि समुद्रावरचे युद्ध कोरले आहे. मेलेल्या माणसाची आठवण गावाने दगडात ठेवायची, आणि पुढच्या गावाने त्या दगडाचे हवे ते करायचे.

फोर्टातला कारकून

गधेगळ यांचे लेखन मी नेहमी आवडीने वाचतो, पण इथे त्यांनी दोन निराळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. वीरगळ लढून मेलेल्यांचे असतात आणि त्यांच्यावर बहुधा नावही नसते. बाईंनी विचारलेल्या भिंतीवरच्या पाट्या ज्यांना परवडत होत्या त्यांच्या आहेत. चर्चच्या आत जागा मिळणे हा ऐपतीचा भाग होता. बाकीचे गाव बाहेरच्या गवतात आहे आणि त्यांतल्या बहुतेकांवर दगडसुद्धा नाही.

माझे ऑफिस हॉर्निमन सर्कलजवळ आहे. जेवणाच्या सुट्टीत मी अनेकदा सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जाऊन बसतो. १७१८ च्या नाताळात उघडलेल्या त्या वास्तूच्या भिंतींवर स्मारकांना जागा उरलेली नाही. तिथे गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे भव्य स्मारक आहे, १८०८ मध्ये लढाईत पडलेल्या कॅप्टन हार्डिंग यांचेही आहे. हा संगमरवर विलायतेत नामांकित शिल्पकारांकडून घडवून जहाजाने मुंबईला आणलेला. घडवणाऱ्याने मृताला पाहिलेले असेलच असे नाही.

पॅट्रिशोच्या पाट्या नेमक्या याच्या उलट आहेत. त्या ब्रूट नावाच्या गवंड्यांच्या घराण्याने केल्या. थॉमस, त्याचा मुलगा आरन आणि नातू जॉन अशा तीन पिढ्या. डोंगर उतरले की लागणाऱ्या लानबेडर गावची ही माणसे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला त्या खोऱ्यातल्या चर्चांना त्यांनीच पाट्या करून दिल्या. दगड स्थानिक, अक्षरे हाताला येतील तशी वळणदार, गुबऱ्या गालांचे देवदूत आणि रंगीत फुले. लंडनच्या फॅशनची नक्कल खेड्यातल्या हाताने केली की ती नक्कल राहत नाही, याचा हा उत्तम नमुना आहे. ज्याची पाटी कोरायची तो शेतकरी आरन ब्रूटने आठवडी बाजारात पाहिलेला असणार. त्यांच्या कितीतरी पाट्यांवर त्यांची सही आहे. तुमच्या फोटोंमध्ये तळाशी पाहा.

परळच्या बाई

तिघांचेही मनापासून आभार. १५४७ आणि १५६१ ही सनावळी मी फळ्यावर कितीदा लिहिली असेल, आणि दोन ओट्यांसमोर उभी राहिले तेव्हा मला तिची आठवणसुद्धा आली नाही.

एक शंका आहे. पापडीकर म्हणतात की चित्रे काढून टाकण्याचा हुकूम होता. मग चुन्याखाली ती शिल्लक राहत असतील का? आणि वेल्श भाषेतले थडग्यांवरचे मजकूर मला मुळीच वाचता आले नाहीत. मुलीलाही जेमतेम येतात.

पापडीकर

राहतात, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण कार्डिफपासून अगदी जवळ आहे. व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गनमधल्या लानकार्वन गावी संत काडोक यांचे चर्च आहे. तिथे २००८ च्या सुमारास चुन्याचे थर उतरवायला सुरुवात झाली आणि खालून पंधराव्या शतकातली चित्रे बाहेर आली. घोड्यावरचा संत जॉर्ज, ड्रॅगन, राजकन्या आणि किल्ल्यावरून हे सगळे पाहणारे तिचे आई-वडील, असे एक मोठे चित्र आहे. सात महापातके आहेत, प्रत्येकाबरोबर त्याचे भूत. आणि एका ठिकाणी उंची कपड्यांतल्या तरुणाचा हात धरून एक सांगाडा त्याला घेऊन चालला आहे. पॅट्रिशोचा 'काळ' एकटा उभा आहे, इथे तो कामावर आहे.

हे काम धारदार पात्याने, चुन्याचा एकेक पापुद्रा सोडवत केलेले आहे. परळच्या जुन्या चाळींत दरवर्षी दिवाळीआधी दिलेल्या चुन्याचे थर कोपऱ्यात कसे सुटतात, ते तुम्ही पाहिले असेलच : पिवळा, निळा, मग पुन्हा पांढरा. इथे तसे शेकडो वर्षांचे थर होते. गंमत अशी की ज्यांनी चित्रे नाहीशी करण्यासाठी चुना मारला त्यांनीच ती ऊन-धुरापासून आणि पुढच्या रंगाऱ्यांपासून वाचवली. उघडी ठेवली असती तर कोणीतरी हौसेने पुन्हा रंगवून बिघडवली असती.

त्याच दिवशी लानट्विट मेजरलाही जाता येईल. संत इल्टुड यांच्या चर्चमध्ये नवव्या शतकातला कोरीव क्रूस आहे. तो होवेल्टने आपला बाप रेस याच्या आत्म्यासाठी उभारला, असे त्याच्यावरच लिहिले आहे.

गधेगळ

कारकूनसाहेबांचा आक्षेप मान्य. वीरगळांची तुलना मी पाट्यांशी नव्हे, नेव्हर्नच्या शिलांशी केली होती, पण लिहिण्याच्या भरात ते नीट स्पष्ट झाले नाही. माग्लोकुनसही अर्थात गरीब नसणार.

बाई, वेल्श थडग्यांसाठी पाच-सहा शब्द पुरतात. 'एर कोव्ह आम' म्हणजे 'यांच्या स्मरणार्थ', बहुतेक मजकूर इथूनच सुरू होतो. 'मर्च' म्हणजे मुलगी, 'माब' म्हणजे मुलगा, 'ग्वराइग' म्हणजे पत्नी, 'ओइड' म्हणजे वय. जुन्या नावांत मधे 'आप' दिसला की त्यापुढचे नाव बापाचे. आपल्या मधल्या नावाचीच ही रीत आहे. तिकडे ती पुढे मोडली आणि बापाचे नाव आडनाव होऊन बसले. म्हणून एकेका दफनभूमीत जोन्स, डेव्हिस आणि विल्यम्स यांचीच दाटी असते. आणखी एक शब्द लक्षात ठेवा, 'हेविड', म्हणजे 'तसेच'. एकाच दगडावर तो तीन-चार वेळा खालोखाल आला की समजावे, पुढची नावे बहुधा मुलांची आहेत. त्यांच्यासमोरचे आकडे वाचताना सावकाश वाचा.

अक्षरे पुसट असतील तर बॅटरी समोरून न धरता बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. खडू किंवा पीठ चोळून अक्षरे वाचण्याची खोड आपल्याकडे अनेकांना आहे, ती तिथे कटाक्षाने टाळा. शेवाळ खरवडू नका. नेव्हर्नच्या उंबऱ्यावर ओघमच्या खाचा कडेने जातात, त्यामुळे प्रकाश दोन बाजूंनी टाकून पाहावा लागतो. मुलीला बॅटरी धरायला सांगा.

परळच्या बाई

शब्द वहीत उतरवून घेतले. काल रात्री मुलीला फोन लावून मेमधले सगळे फोटो पुन्हा मागवले आणि मोठे करून पाहिले. पडद्याच्या फोटोत ड्रॅगन आहे. इतके दिवस मी त्याला पानांची नक्षी समजत होते. एका पाटीवर दोन देवदूत आहेत, एकाच्या गालाचा तांबडा रंग अजून टिकून आहे आणि दुसऱ्याचा गेला आहे. सहीची जागा मात्र दिसत नाही. जावयाने फोटो घेताना पाटीचा तळ अर्ध्या बोटाने कापला आहे. त्याला अजून काही बोललेले नाही. ऑक्टोबरात बॅटरी घेऊन जाईन आणि आधी तळाशी पाहीन.